हेल्मेटवाल्या भाऊंची उरलेली अर्धी गोष्ट

हेल्मेट घालून नसबंदीच्या टेबलावर आडव्या झालेल्या माणसाची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितली, सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभात सांगितली, एकदा तर एका तेरवीला सांगितली आणि तिथंही लोक तोंडाला रुमाल लावून हसले. मी नक्कल बरी करतो. तो माणूस कसा चालायचा, कसा खाकरायचा, डॉक्टरला काय म्हणाला, सगळं करून दाखवतो. ऐकणारे डोळे पुसू लागले की मी थांबतो.

गोष्ट खरं तर तिथून पुढं सुरू होते. तो भाग मी कुणालाही सांगितलेला नाही, बायकोलासुद्धा नाही. कुणी विचारलंच, "मग पुढं काय झालं त्याचं?" तर मी पाणी मागायचो, घड्याळाकडं बघायचो. गेल्या महिन्यात त्या माणसाची बायको वारल्याचं कळलं. तो आधीच गेला होता. ज्यांच्यापुढं मान खाली घालावी लागेल असं आता कुणी उरलं नाही, म्हणून धीर आला. त्यांची धाकटी मुलगी आहे, पण ती मराठी पुस्तकं वाचत नाही. तेही आधी आठवून पाहिलं आणि मगच लिहायला बसलो.

नाव लिहीत नाही. तोंडावर आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो आणि पाठीमागं हेल्मेट. भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. भिलाईत कारखान्याचे खड्डे खणले जात होते तेव्हा मातीची टोपली उचलायला आले आणि चढत चढत गॅसच्या विभागात फोरमन झाले. कारखान्यानं दिलेलं हेल्मेट एकदा डोक्यावर बसलं ते बसलंच. सुपेल्याच्या बाजारात वांगी घेताना हेल्मेट. दुर्गला कोर्टात साक्षीला गेले तेव्हा हेल्मेट. तिथल्या शिपायानं ते काढायला लावलं, तर दारात उभं राहून त्यालाच सुरक्षेवर भाषण दिलं. मेव्हणीच्या लग्नात फेटा नाकारून हेल्मेटलाच कुंकू लावून घेतलं. घरात ते खुंटीला असे, पण अंगणात निघायचं म्हटलं की पुन्हा डोक्यावर. "आंबा पडला तं?" म्हणायचे. अंगणात आंब्याचं झाड नव्हतं.

मी त्यांचा भाडेकरू. वडील रेल्वेत, गोंदियाकडं. मी मॅट्रिक झालेला, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पातळ कागद पसरायचा आणि त्याच रेघा पुन्हा ओढायच्या. पण इंग्रजी बोलता येई, त्यामुळं स्वतःला इंजिनिअरच्या खालोखाल समजायचो. हॉस्टेलात जागा नव्हती म्हणून भाऊंच्या क्वार्टरची मागची खोली घेतली. जेवण वहिनींच्या हातचं. वहिनी फार कमी बोलायच्या. त्या घरात दुसऱ्याला बोलायला जागाच नसे.

भाऊंना रशियन येतं असा त्यांचा दावा होता. येत होता एकच शब्द, खराशो. म्हणजे छान, ठीक. रशियन इंजिनिअरांपैकी एकानं कधीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारून तो उच्चारला आणि तेव्हापासून माणूस बिघडला. भाजी खारट झाली तरी खराशो, पोरगं नापास झालं तरी खराशो. दुधाचा चहा सोडला. कोरा चहा पिताना तोंड वाकडं व्हायचं, पण वहिनींनी दुधाचं भांडं पुढं केलं की म्हणायचे, "रशियात कोनी असा चहा पीत नाई." जणू सकाळीच जाऊन आले.

पोरांची वयं ते भट्ट्यांवरून सांगत. कारखान्यात एकेक झोतभट्टी उभी राहत गेली आणि इकडं यांच्या घरात पाळणा हलत गेला. पाहुण्यांपुढं पोरांना रांगेत उभं करायचे. "ही पयल्या भट्टीची. हा दुसरीचा. हे दोघं तिसरी अन् चौथीच्या मधातले." गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या मावशीला वाटलं, पोरं भट्टीला नवस बोलून झालेली आहेत. तिनं मला हळूच विचारलं, भट्टीच्या देवाचं देऊळ कोणत्या सेक्टरात आहे.

पण त्यांचं खरं कीर्तन असे ते वाल्ववर. गॅसच्या पाइपावर काम करायचं तर आधी वाल्व बंद करतात. नवख्याला वाटतं झालं, आता वेल्डिंग करा. पण बंद पाइपातही आधीचा गॅस राहिलेलाच असतो. वाफ सोडून तो हुसकून लावल्याशिवाय ठिणगी पडली तर माणसं उडतात. हे सगळ्या प्लांटला ठाऊक होतं. भाऊ मात्र ते स्वतःला दृष्टांत झाल्यासारखं सांगत. पाळी सुरू होताना गँगला उभं करायचे आणि सगळ्या प्रांतांची माणसं म्हणून हिंदीत ओरडायचे, "वाल्व बंद, मतलब लाइन खाली नहीं! अंदर जो है, वो है!" मग गँगनं एका सुरात म्हणायचं, "वो है!" घरीही तेच. स्टोव्ह विझवला, अंदर जो है वो है. पाहुणे उठून गेले, अंदर जो है वो है. मला त्या वाक्याचा इतका वीट आला होता की ते सुरू झालं की मी मनात पाढे म्हणायचो.

त्या सुमारास कुटुंबनियोजनाचा प्रचार जोरात होता. लाउडस्पीकर लावलेली जीप सेक्टरांतून फिरायची आणि बायका खिडक्या लावून घ्यायच्या. पुरुषांची तर बोबडीच वळायची. उंच मचाणावर दोरीशिवाय फिरणारे गडी त्या एका ऑपरेशनच्या नावानं पांढरे पडत. खुर्सीपारचा एक वेल्डर शपथेवर सांगायचा की त्याच्या गावच्या माणसाचा आवाज नंतर बायकी झाला. असल्या शूरवीरांपुढं भाऊ एके दिवशी कँटीनच्या बाकावर चढले.

"मी जाऊन राह्यलो! पयला मी! चार भट्ट्या पुरे. आता कॅपिटल रिपेअर!"

मोठी भट्टी पूर्ण थंड करून करतात त्या दुरुस्तीला प्लांटमध्ये कॅपिटल रिपेअर म्हणत. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही त्यांच्यामागं जाणार नव्हता.

मग तयारी सुरू झाली. लग्नाची तयारी बरी, असा तो प्रकार होता. शक्ती साठवायला हवी म्हणून वहिनींना डिंकाचे लाडू करायला लावले.

"अवो, हे तं बाळंतिणीचं खाणं हाये," वहिनी म्हणाल्या.

"मंग? माहं बी त्याच खात्यातलं काम हाये!"

खाटेवर उताणं पडून न हलण्याचा सराव केला. पोरांना बाजूला उभं करून सांगायचे, "मले हसवून पाहा." पोरं हसवत आणि ते हसत. दवाखान्यातून निरोप आला की खालची जागा साफ करून या, तेव्हा त्यांनी सुपेल्याचा न्हावी बोलावला. न्हावी छत्तीसगढी, म्हातारा, सभ्य. पेटी उघडून बसला, काम काय ते ऐकलं आणि पेटी मिटवली. "मैं डाढ़ी-मूंछ बनाथंव साहब. ओ काम नइ करंव." भाऊंनी त्याला देशाची लोकसंख्या समजावून सांगितली. तो चप्पल हातात घेऊन पळाला. शेवटी न्हाणीघरात आरसा नेऊन भाऊंनी स्वतःच उरकलं आणि बाहेर येऊन सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "खराशो!" शेजारच्या बाई तांदूळ निवडत होत्या, त्या सूप घेऊन आत गेल्या. वहिनी दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

दुर्गच्या दवाखान्यात सोबतीला मी. डॉक्टर बंगाली, त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारं कुणी पाहिजे, असं भाऊंनी ठरवलं होतं. हिंदी दोघांनाही येत होती. पण साहेबी थाट हवा, आणि मलाही तो हवाच होता.

पुढचं मी नेहमी सांगतो ते. पडद्यापलीकडं भाऊ टेबलावर आडवे झाले आणि डॉक्टर थबकले.

"ये टोपी किसलिए?"

"सेफ्टी, साब."

"अरे बाबा, हम नीचे काटेगा, ऊपर नहीं!"

"एक्सिडेंट बोलके नहीं आता, साब."

नर्स हसत बाहेर पळाली. डॉक्टरांनी हात जोडले, पण हेल्मेट काही उतरलं नाही. तशाच अवस्थेत ऑपरेशन झालं आणि मधूनमधून पडद्यामागून आवाज येत राहिला, "खराशो, साब. खराशो."

इथं लोक हसतात. इथं मी थांबतो.

भाऊ आत कपडे करत होते तेव्हा डॉक्टर हात पुसत माझ्याकडं आले. इंग्रजीत बोलणारा मुलगा भेटला म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन झालं म्हणजे आजपासून मूल होणार नाही असं नव्हे. आधीचं जे आत आहे ते निघून जायला वेळ लागतो. तीन महिने सांभाळून राहायचं, मग येऊन तपासून घ्यायचं. तपासणी होईपर्यंत वापरायला म्हणून रबराच्या पाकिटांची कागदी पुडीही दिली. "तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत सांगाल ना?" मी म्हणालो, "येस, डॉक्टर." असं ऐटीत म्हणालो की तो 'येस' मला अजून ऐकू येतो.

सांगायला शब्द शोधायचीही गरज नव्हती. वाल्व बंद मतलब लाइन खाली नहीं. सगळ्या भिलाईत हे अर्ध्या वाक्यात कळेल असा एकच माणूस होता आणि तो माझ्याशेजारी सायकलरिक्षात पाय फाकवून बसला होता.

दुर्गहून येताना प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्यावर ओरडत आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये माझ्यावर घसरत. "तू काय करतं बे तिथं ड्रॉइंग ऑफिसात? रेघा मारतं. रेघ मारल्यानं पाइप होते का? पाइप आम्ही बसवतो. मॅट्रिक झाला म्हणून अक्कल येते का? कागदावर कागद ठेवून गिरवाचं, हे तं माही पोरगी बी करते." रिक्षावाला हसला. रिक्षावाला हसला याचा मला जास्त राग आला.

या सर्वज्ञ माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती न सांगण्यात मला गोडी वाटली. उद्या सांगू, असं म्हटलं. सुपेल्याच्या नाक्यावर चहाला उतरलो तेव्हा ती पुडी मी नालीत टाकली. अविवाहित मुलाच्या खिशात कुणाला सापडली असती तर? एवढी माझी अब्रू मला जपायची होती.

दुसऱ्या दिवशी घरात दरबार भरलेला. भाऊंनी प्लांटमधून लाल पत्र्याची पाटी आणून खाटेला टांगली होती, दुरुस्तीच्या वेळी वाल्वच्या चाकाला लावतात ती: 'वाल्व बंद है. हाथ न लगाएँ.' गँगची माणसं येत, पाटी वाचून खिंकाळत, डिंकाचे लाडू खात आणि खाली वाकून कुजबुजत, "ताकद जाती क्या, भाऊ?" भाऊ मांडीवर थाप मारायला जात आणि कळ येऊन डोळे मिटत. त्या गर्दीत मी काय सांगणार? असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो.

पण त्याच दुपारी वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून विचारलं होतं. डोळे जमिनीकडं ठेवून, हळू.

"भाऊजी, डॉक्टर काई पथ्यपाणी बोलला का?"

"जड उचलू नका म्हणाला."

"इतकंच?"

"इतकंच."

लाज वाटली, हे खरं. बाईमाणसाशी ते कसं बोलायचं? पण भाऊंना तर सांगता आलं असतं. रात्री, सकाळी, केव्हाही. दोन-चारदा आठवलं आणि दर वेळी त्यांनी तेवढ्यात काहीतरी शिकवण दिली आणि मी म्हटलं, जाऊ दे. मग आठवायचंही बंद झालं.

पावसाळा उलटला आणि वहिनींना दिवस गेल्याचं कळलं. मला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी न्हाणीघरात त्यांच्या ओकाऱ्या ऐकल्या. मी काय केलं? त्याच दिवशी कँटीनमध्ये बातमी पोचली तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो, "भट्टी थंड केली, तरी धूर कसा काय निघून राहिला?"

टेबल दणाणलं. आयुष्यात माझ्या एखाद्या वाक्याला मिळालेली ती पहिली दाद. हसणं ओसरायच्या आत खुर्सीपारचा तो वेल्डर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "धूर कावून निघनार नाई? दुसरा फिटर घरातच ठेवला हाये ना त्यानं. वरून भाडं घेते!"

पुन्हा टेबल दणाणलं. आता सगळे माझ्याकडं बघत होते.

इथं एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. डॉक्टरनं मला सांगितलं होतं, मी सांगायचं विसरलो. एवढंच. पण मग मी, इंग्रजी येणारा, जबाबदार, येस डॉक्टर म्हणणारा, कोण ठरलो असतो? मी डबा बंद करून उठलो. आठवड्याभरात ओळख काढून हॉस्टेलात एक खाट मिळवली. दोषी नसलेला माणूस असा पळत नाही, हे साऱ्या सेक्टरला माझ्यापेक्षा आधी कळलं. सामान बांधताना वहिनी दारात उभ्या होत्या. हातात माझा डबा, घासून लख्ख केलेला.

"तुम्ही गेलात तं लोक काय म्हनतीन, भाऊजी?"

"उलट बरं होईल, वहिनी," मी म्हणालो आणि ट्रंक उचलली.

भाऊंना आधी काही कळलंच नाही, इतका हा माणूस स्वतःच्या आवाजात बुडालेला होता. मुलगी झाली तेव्हा हेल्मेटमध्ये पेढे भरून त्यांनी गँगभर वाटले. "खराशो! पाचवी भट्टी!" लोक पेढे घेत आणि पाठ वळली की खिदळत. बायकोवर संशय घ्यायची अक्कल त्यांना नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. अक्कल म्हणजे काय, हे ठरवणारा मी कोण होतो, ते आता विचारू नये.

बारशाच्या दोन दिवस आधी ते हॉस्टेलात आले. पाळी संपवून, केस विंचरून, हेल्मेट काखेत धरून. साहेबाच्या केबिनीत जातानासुद्धा मी त्यांना हेल्मेट काढलेलं पाहिलं नव्हतं. खोलीत माझे तीन सोबती आपापल्या खाटांवर होते. त्यांनी बोलणं थांबवलं.

"डॉक्टरकडं जाऊन आलो," भाऊ उभ्यानंच म्हणाले. "तो म्हनते, तीन महिने सांभाळाचं होतं. वाल्व बंद केला तरी अंदर राह्यलेलं राह्यतेच म्हनते. मी म्हनलं, साब, हे तं मी साऱ्या प्लांटले शिकवतो, अन् माह्याच ध्यानात कसं नाई आलं! तो म्हनते, तुमच्या त्या इंग्रजीवाल्या पोराले नीट सांगतलं होतं."

मी खाटेची दोरी नखानं कुरतडत होतो.

"गँगले सांगतलं मी. हसून राह्यले. म्हनतात, हेल्मेट आता डॉक्टरच्या नावावर झाकून राह्यला. तिचा भाऊ येऊन राह्यला तुमसरहून, त्याच्याही कानावर गेलं हाये. डॉक्टर काई बारशाले येनार नाई. तू ये. सगळ्याइच्या समोर उभा राह्य अन् म्हन, हो, मले सांगतलं होतं, माह्या ध्यानातून गेलं. चुकी झाली म्हन. तुले कोन खाते? माह्यासाठी नको म्हनू. तिच्यासाठी म्हन."

तिघं सोबती माझ्याकडं बघत होते.

"मला डॉक्टर काही बोलला नाही, भाऊ."

"नाई बोलला?"

"नाही."

चिडतील, भाषण करतील, असं मला वाटलं. खरं तर ते मला हवं होतं. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं. त्यांनी हेल्मेट डोक्यावर ठेवलं, पट्टा नीट केला.

"खराशो," म्हणाले आणि गेले.

बारशाला मी गेलो नाही. कळलं ते दुसऱ्यांकडून. वहिनींचा भाऊ बाळाचे कपडे आणि बहिणीचं लुगडं घेऊन आला होता. ओसरीवर बसून त्यानं पाणीही घेतलं नाही. "तो पोरगा कुठं हाये? त्याले येऊ द्या, मंग मी आत येतो," म्हणाला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि गाठोडं जसंच्या तसं घेऊन दुर्ग स्टेशनकडं निघून गेला. त्यानंतर वहिनी कधी माहेरी गेल्या नाहीत. आई वारली तेव्हाही कुणी निरोप पाठवला नाही. बाळाच्या कानात कुर्र करायला शेजारणी पुढं आल्या नाहीत, तेव्हा ते भाऊंनीच केलं. हेल्मेट घालून. हेही मला हसत हसत सांगण्यात आलं आणि मीही हसलो.

पुढं पाळीच्या सुरुवातीला "अंदर जो है, वो है!" म्हटलं की गँग फिसकन हसू लागली. गॅसवर काम करणाऱ्यांनी ज्या वाक्याला हसायचं नसतं, त्याच वाक्याला. साहेबांना ते धोक्याचं वाटलं आणि भाऊंना तिथून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं, पाने-हातोडे द्यायला आणि परत घ्यायला. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. मी इकडं बढत्या घेत ड्रॉइंग ऑफिसाचा हेड झालो आणि हाताखालच्या पोरांना हेल्मेटवाल्या माणसाची गोष्ट सांगू लागलो. गोष्ट एका ठराविक जागी थांबवली की फारच छान रंगते, हे मला तिथंच कळलं.

काही वर्षांपूर्वी भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दुर्गला त्यांच्या घरी गेलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून. वाटेत वाक्यं जुळवली. वहिनी, माझी चूक झाली, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. सोपी वाक्यं. मॅट्रिक झालेल्याला जमावीत अशी.

दार धाकटीनं उघडलं. मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि आवाज असा की शेजारची कुत्री उठावीत. तो आवाज ऐकल्यावर तिचा बाप कोण हे कुणी विचारलंच नसतं. पण तो आवाज यायच्या आधीच विचारून झालं होतं. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, वाळून इवल्याशा झालेल्या. खुंटीवर हेल्मेट होतं.

"भाऊजी ना?" त्या म्हणाल्या. "या. बसा."

मी बसलो. मुलीनं चहा आणला, कोरा. "बाबाची सवय, आमाले बी लागली," असं म्हणून ती समोर स्टूल ओढून बसली. "काकाजी, तुम्हीच बाबाले दवाखान्यात घेऊन गेल्ते ना? मले प्लांटवाल्या एका काकानं सांगतलं, तुम्ही ते हेल्मेटचं खूप मस्त सांगता. सांगा ना! माय कधी सांगतच नाई."

मी वहिनींकडं पाहिलं.

मी सांगितलं. डिंकाचे लाडू सांगितले, न्हावी सांगितला, हम नीचे काटेगा सांगितलं. आवाज काढून, हातवारे करून. मुलगी पोट धरून हसली, डोळे पुसत म्हणाली, "असेच होते बाबा! असेच!" मी थांबलो. नेहमीच्या जागी.

"मंग?" तिनं विचारलं. "पुढं?"

वहिनी हसल्या नव्हत्या. इतका वेळ डोळे जमिनीकडं होते, ते आता वर आले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, घाई नसल्यासारख्या.

"पुढं काय," मी म्हणालो, "सायकलरिक्षा केली आणि घरी आलो."

"इतकंच?" वहिनींनी विचारलं.

"इतकंच."